चक्रीवादळ ओसरल्यावर तलावावर समुद्रपक्षी कसे शोधावेत?

पुण्यात असताना पाषाण तलावावर आणि उजनीच्या पाणथळीवर पक्षी पाहणाऱ्या, आणि आता अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे राहायला आलेल्या एका पक्षिमित्राने तीन गोष्टी विचारल्या आहेत. हरिकेननंतर किनाऱ्यापासून दोन-अडीचशे किलोमीटर आत असलेल्या तलावांवर भर समुद्रातले पक्षी दिसतात हे खरे आहे का? खरे असल्यास ते कुठे आणि केव्हा शोधावेत? आणि भरकटून आलेल्या, दमलेल्या पक्ष्यांना पाहण्यासाठी धावत जाणे योग्य आहे का?

मी या राज्यात १९९८ पासून राहतो आणि तेव्हापासून येथून गेलेल्या बहुतेक वादळांनंतर कोणत्या ना कोणत्या तलावाच्या काठी उभा राहिलो आहे. अनेकदा काहीही हाती लागलेले नाही. तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे ‘हो’ असे आहे. दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे ठाम मत असे आहे की, पक्षी दिसणार की नाही हे बरेचसे आपण घराबाहेर पडण्यापूर्वीच ठरलेले असते. वादळाचा मार्ग, त्याची गती आणि त्याचे केंद्र आपल्या भागातून किती वाजता गेले, या तीन गोष्टी ज्याने नीट वाचल्या, त्याला योग्य पाण्यावर योग्य वेळी उभे राहता येते. बाकीच्यांना निव्वळ नशिबावर विसंबावे लागते.

आमच्या भागात हा विषय निघाला की १९९६ च्या फ्रॅन वादळाचे नाव येतेच. फ्रॅन ५ सप्टेंबरच्या रात्री केप फिअरजवळ किनाऱ्यावर आले आणि मध्यरात्रीनंतर रॉली शहरावरून उत्तरेकडे सरकले. दुसऱ्या दिवशी, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर रोनोक नदी अडवून केलेल्या विस्तीर्ण जलाशयावर, ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल, वादळी पेट्रेलांच्या (स्टॉर्म-पेट्रेल या लहानखुऱ्या समुद्रपक्ष्यांच्या) एकाहून अधिक जाती आणि सूटी टर्न (भर समुद्रावर राहणारा सुरय) असे पक्षी एकाच पाण्यावर फिरताना पाहिले गेले. या जलाशयाचे नाव नकाशावर ‘केर’ असे वाचले जाईल, परंतु इथली माणसे त्याला ‘कार लेक’ म्हणतात आणि व्हर्जिनियाच्या बाजूला तोच ‘बग्ज आयलंड लेक’ होतो. रस्ता विचारताना हे ठाऊक असलेले बरे. मी येथे आलो तेव्हा त्या दिवसाच्या आठवणी ताज्या होत्या आणि त्या ऐकूनच मला हा नाद लागला.

ब्लॅक-कॅप्ड पेट्रेल म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे, कारण त्याशिवाय तलावावरच्या त्या दृश्याचे मोल कळणार नाही. हा पक्षी कॅरिबियनमधील हिस्पॅनिओला बेटाच्या, म्हणजे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या, डोंगरउतारांवर बिळांत घरटी करतो आणि रात्रीच्या अंधारात ये-जा करतो. उरलेले सारे आयुष्य तो खुल्या समुद्रावर काढतो. त्याच्या जोड्यांची संख्या काही हजारांच्या पलीकडे नाही आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घेतले. आमच्या केप हॅटरसच्या समोर गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह किनाऱ्याच्या बराच जवळ येतो आणि त्या प्रवाहावर हे पेट्रेल वर्षातील बराच काळ चरत असतात. एरवी त्यांना पाहण्यासाठी पहाटे हॅटरसहून बोट धरून, पोटातली ढवळाढवळ सोसत तासन्‌तास समुद्रात जावे लागते. दक्षिणेकडून येणारे वादळ नेमके याच पट्ट्यावरून किनाऱ्याकडे येते, आणि नॉर्थ कॅरोलायनातील तलावांवर इतके समुद्रपक्षी येण्यामागे मला हेच सर्वांत मोठे कारण वाटते.

आता हे पक्षी आत येतात कसे, ते पाहू. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वादळ ज्या दिशेने चालले आहे त्या दिशेला तोंड करून तुम्ही उभे आहात अशी कल्पना केली, तर तुमच्या उजव्या हाताच्या भागात फिरत्या वाऱ्याचा वेग आणि वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दक्षिणेकडून येऊन जमिनीत शिरणाऱ्या वादळात हा उजवा भाग समुद्रावरून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो. डाव्या भागातील वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात आणि त्यांचा जोर तुलनेने कमी असतो. त्यामुळे पक्षी शोधताना पहिली पसंती केंद्राच्या मार्गाला आणि त्याच्या उजवीकडच्या पट्ट्याला द्यावी. डाव्या बाजूच्या एखाद्या सोयीच्या तलावावर अख्खा दिवस घालवून रिकाम्या हाताने परतलेले बरेच जण मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही तेच केले आहे.

दुसरा मार्ग वादळाच्या डोळ्याचा. डोळ्याच्या भोवती वाऱ्याची भिंत असते आणि आत तुलनेने शांतता असते. सूटी टर्न किंवा फ्रिगेट पक्षी यांच्यासारखे दिवसरात्र उडत राहू शकणारे पक्षी त्या शांत भागात राहून वादळाबरोबर पुढे सरकतात. हवामान खात्याच्या डॉपलर रडारवर हे दिसतेही. आताची रडारे परत आलेल्या लहरींवरून वस्तूंचा आकार किती एकसारखा आहे याचा अंदाज देतात; पावसाचे थेंब बरेचसे एकसारखे असतात, पक्षी आणि कीटक तसे नसतात, त्यामुळे डोळ्याच्या आत वेगळ्या रंगाचा एक गोल ठिपका उमटतो. वादळ जमिनीवर येऊन डोळा विस्कटू लागला की त्यातले पक्षी जिथे असतील तिथे उतरतात. रडारवरचा तो ठिपका कुठे विरला, हे ज्याने रात्री जागून पाहिले, त्याला सकाळी कोणत्या पाण्यावर जायचे हे विचारावे लागत नाही.

या पक्ष्यांना निव्वळ असहाय समजणे मात्र बरोबर नाही. पोर्तुगालच्या मदेइराजवळच्या बुजिओ बेटावर घरटी करणाऱ्या डेझर्टास पेट्रेलांच्या अंगावर यंत्रे बसवून केलेले एक संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे आढळले की, त्यांतील काही पक्षी वादळ टाळण्याऐवजी त्याच्या मागोमाग कित्येक दिवस जातात, कारण वादळाने घुसळलेल्या पाण्यात त्यांचे खाद्य वर येते. जपानमधील स्ट्रीक्ड शिअरवॉटरांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे पक्षी टायफून जवळ आल्यावर त्याच्या डोळ्याच्या दिशेने उडताना दिसले. जमिनीकडे लोटले जाण्यापेक्षा त्यांना तो धोका परवडत असावा. खुल्या समुद्रावर वारा हे त्यांचे वाहनच आहे. लाटांजवळचा मंद वारा आणि त्यावरचा जोराचा वारा यांतील फरकावर ते पंख न हलवता मैलोन्‌मैल जातात. खाली पाण्याऐवजी झाडे आणि घरे आली की ही युक्ती लागू पडत नाही, आणि मग खाली कुठे पाणी चमकले की ते तिकडे वळतात. तलाव शोधायचा तो याच कारणासाठी.

तुम्ही लहानपणी गुहागरला पावसाळ्यात वाळूवर बसलेला मास्क्ड बूबी हा समुद्रपक्षी पाहिल्याचे लिहिले आहे आणि तो प्रकार हाच का, असे विचारले आहे. फळ सारखे असले तरी कारण थोडे वेगळे आहे. कोकणात जून ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्येचा वारा आठवडेच्या आठवडे किनाऱ्याकडे वाहतो आणि त्या दीर्घ रेट्याने थकलेले, उपाशी पक्षी एकेक करून किनाऱ्याला लागतात. हरिकेन मात्र एका रात्रीत, ताज्या दमाचे आणि थकलेले असे दोन्ही प्रकारचे पक्षी, शेकडो किलोमीटर आत नेऊन सोडते. त्यात इथला किनारी प्रदेश सपाट आहे. सह्याद्रीसारखी भिंत किनाऱ्याला लागूनच उभी नाही. ॲपलाचियन डोंगर पुष्कळ आत आहेत. त्यामुळे वादळाला आणि पक्ष्यांना आत यायला मोकळी वाट मिळते.

सगळी वादळे सारख्या योग्यतेची नसतात. माझ्या अनुभवात सर्वांत चांगले वादळ ते, जे उबदार समुद्रावरून लांबचा प्रवास करून येते, आकाराने मोठे असते आणि जमिनीवर आल्यावर वेगाने आत सरकते. १९८९ चे ह्यूगो मध्यरात्री चार्ल्स्टनजवळ किनाऱ्याला लागले आणि पहाटेपर्यंत शार्लटला, म्हणजे जवळजवळ तीनशे किलोमीटर आत, पोहोचले होते. अशा वेगात पक्ष्यांना वाटेत बाहेर पडायला सवड मिळत नाही. याउलट २०१८ चे फ्लॉरेन्स १४ सप्टेंबरला राइट्सव्हिल बीचवर आले आणि माणसाच्या चालीने सरकत राहिले. त्याने दक्षिण-पूर्व भागात अतोनात पाऊस पाडला, काही ठिकाणी नऊशे मिलिमीटरच्या आसपास. अशा रेंगाळणाऱ्या वादळात वाऱ्याचा जोर लवकर सरतो आणि बऱ्याच पक्ष्यांना समुद्राकडे परतण्याची संधी किनाऱ्याजवळच मिळते. शिवाय पूर इतका असतो की तलावापर्यंत जाणेच अयोग्य ठरते.

वादळ कुठून आले यावर पक्षी कोणते, हे अवलंबून असते. मेक्सिकोच्या आखातातून आलेल्या वादळाने सूटी टर्न आणि फ्रिगेट पक्षी आणावेत, पेट्रेलांची अपेक्षा तिथे फार धरू नये. २०२३ च्या ऑगस्टअखेर फ्लोरिडात आलेल्या इडालियाने तर फ्लेमिंगो आणले. युकाटनच्या बाजूचे हे पक्षी ओहायो, पेन्सिल्व्हेनिया, केंटकी अशा राज्यांत आणि पुढे सप्टेंबरमध्ये विस्कॉन्सिनमध्ये मिशिगन सरोवराच्या काठी दिसले. काहींच्या पायांत मेक्सिकोत घातलेली कडी होती. पॅसिफिकच्या बाजूची कहाणी आणखी विलक्षण आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूटन वादळ कॅलिफोर्नियाच्या आखातातून सोनोराच्या वाळवंटात शिरले आणि ॲरिझोनात हुआन फर्नांडेझ पेट्रेल सापडले. हा पक्षी चिलीच्या समुद्रातील अलेहांद्रो सेल्कर्क या एकाच बेटावर घरटी करतो. निवडुंगांच्या प्रदेशात तो पाहण्यासाठी जे लोक पहाटेच तलावावर उभे होते, ते योगायोगाने तिथे आलेले नव्हते. १९९७ च्या नोरा वादळाने याच वाटेने वादळी पेट्रेल आत आणले होते आणि तो इतिहास त्यांच्या ध्यानात होता.

आता प्रत्यक्ष तयारी. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबरचा असतो आणि ऐन भर १० सप्टेंबरच्या आगेमागे येतो. नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रके पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११ वाजता निघतात. वादळ किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर आले की मी कागदी नकाशा काढतो, त्यावर मार्गाची रेघ पेन्सिलीने ओढतो आणि रेघेवरच्या व तिच्या उजवीकडच्या प्रत्येक मोठ्या जलाशयापुढे केंद्र जवळून जाण्याची अपेक्षित वेळ लिहितो. प्रत्येक नव्या पत्रकानंतर रेघ खोडून पुन्हा काढतो. हे काम फोनवरही होईल, पण खोडलेल्या रेघांवरून मार्ग कोणत्या बाजूला सरकत चालला आहे हे डोळ्यांना जसे कळते, तसे फोनवर कळत नाही. तुमच्यासाठी जॉर्डन लेक आणि फॉल्स लेक हे जवळचे, आणि कार लेक तासाभराच्या अंतरावरचा. मार्ग रॉलीच्या पूर्वेकडून जाणार असेल तर फॉल्स आणि कार, पश्चिमेकडून जाणार असेल तर जॉर्डन, असा माझा साधारण हिशेब असतो. दोन तलाव सारखेच वाटले तर मोठा निवडावा. उंचावरून पाहणाऱ्या पक्ष्याला आधी तोच दिसतो.

वेळेविषयी अधिक काटेकोर राहायला हवे. पेट्रेल आणि टर्न यांचा मुक्काम काही तासांचाच असतो. केंद्र रात्री गेले असेल तर उजाडताना तुम्ही पाण्यासमोर असायला हवे. केंद्र दुपारी गेले असेल तर वारा उतरून रस्ते सुरक्षित होताच त्याच दिवशीचे शेवटचे दोन तास साधावेत, आणि ते जमले नाही तर दुसऱ्या दिवशीची पहाट. आकाश मोकळे होऊन ऊन तापू लागले की बरेच पक्षी उंच चढतात आणि निघून जातात. जेगर (दुसऱ्या पक्ष्यांचे भक्ष्य हिसकावणारे समुद्रपक्षी) पाण्यावर बसून राहतात, ते दुपारपर्यंतही सापडतात. वादळी पेट्रेलांपैकी अशक्त झालेले एक-दोन दिवस रेंगाळतात. तिसऱ्या दिवशी रजा काढून जाण्यात फारसा अर्थ नसतो.

‘रस्ते सुरक्षित होताच’ असे वर लिहिले, त्यावर थोडे थांबतो. पंधरा सेंटिमीटर वाहते पाणी मोठ्या माणसाचे पाय उखडते, आणि साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. या देशात पुरात बुडून मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गाडीत असतात. पडलेल्या झाडाखाली विजेची तार असू शकते आणि ती जिवंत असू शकते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळाने याच राज्याच्या पश्चिम भागात, ॲशव्हिलच्या परिसरात, जो विध्वंस केला तो तुम्ही येथे राहून पाहिलाच आहे; एकंदर दोनशेहून अधिक माणसे गेली आणि लेक ल्यूर तर वाहून आलेल्या घरांच्या ढिगाऱ्याने भरला. जिथे बचावपथके माणसे शोधत आहेत, तिथे दुर्बीण घेऊन जाऊ नये. अशा वेळी पक्षी राहू द्यावेत. आदल्या दिवशीच तलावाच्या उद्यानाच्या कार्यालयात फोन करून फाटक केव्हा उघडणार हे विचारावे, दोन वेगळ्या रस्त्यांची माहिती ठेवावी, गाडीत पेट्रोल आणि पाणी भरून ठेवावे, आणि कुठे जाणार हे घरी सांगून निघावे.

तलावावर पोहोचल्यावर जास्तीत जास्त मोकळे पाणी दिसेल अशी एकच जागा धरावी. एखादे छप्पर असलेले सहलीचे ठिकाण वाऱ्याच्या आडोशाला मिळाले तर उत्तम, कारण वाऱ्यात तिपाई थरथरते आणि भिंगावर पाण्याचे तुषार बसतात. स्कोपची (तिपाईवर लावायच्या मोठ्या दुर्बिणीची) तिपाई आखूड करून खुर्चीवर बसून पाहावे आणि एक सुती पंचा गळ्यात ठेवावा. भिजलेल्या शर्टाने भिंग पुसले की सगळे धूसर होते. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग दुर्बिणीने आणि शेवटी स्कोपने पाणी डावीकडून उजवीकडे सावकाश चाळावे. तलाव बदलत फिरणाऱ्यापेक्षा एका ठिकाणी चार तास बसणाऱ्याला अधिक पक्षी दिसतात, असे मी खात्रीने सांगतो. लाफिंग गल आणि रॉयल टर्न हे किनाऱ्यावरचे अगदी साधे पक्षी, पण ते आतल्या तलावावर दिसू लागले की वादळाने काहीतरी आणले आहे असे समजावे आणि जागा सोडू नये.

ओळख पटवताना घाई करू नये. सप्टेंबरमध्ये ब्लॅक टर्न इथल्या तलावांवरून नेहमीच स्थलांतर करत असतात. त्यांची पिल्ले वरून करडी, खालून पांढरी आणि खांद्याजवळ गडद डाग असलेली असतात. सूटी टर्नचे पिल्लू त्याहून बरेच मोठे, जवळजवळ सगळेच काजळी रंगाचे, पाठीवर पांढुरके ठिपके आणि शेपटीखाली फिकट. प्रौढ सूटी आणि ब्रायडल्ड टर्नमध्ये नवशिके नेहमी अडकतात. सूटीच्या कपाळावरचा पांढरा रंग डोळ्याशी थांबतो आणि पाठ डोक्याइतकीच काळी असते. ब्रायडल्डची पांढरी भुवई डोळ्याच्या मागे जाते, मानेवर फिकट पट्टा असतो आणि पाठ तपकिरी-करडी दिसते. वादळी पेट्रेलांमध्ये रंगापेक्षा चाल पाहावी. विल्सन्स पेट्रेल पाकोळीसारखा फडफडत पाण्यालगत जातो आणि त्याचे पाय शेपटीच्या टोकाबाहेर मागे आलेले दिसतात. लीच्स पेट्रेल लांब पंखांनी, आपल्याकडचा रातवा संध्याकाळी उडतो तसा, मध्येच दिशा बदलत उसळत जातो. बँड-रम्प्डची चाल त्याहून शांत, थोडे फडफडणे आणि बराच वेळ तरंगणे अशी. लीच्सची दुभंगलेली शेपटी पुस्तकात ठसठशीत दिसते, पण भिजलेल्या पक्ष्यात ती दिसेलच असे नाही. आणि ढगाळ सकाळी पाण्यालगत उडणाऱ्या चिमनी स्विफ्टला, म्हणजे धुराड्यांत घरटी करणाऱ्या इथल्या पाकोळीला, पेट्रेल समजण्याची चूक अनुभवी लोकही करतात, म्हणून प्रत्येक काळसर पक्ष्याचे छायाचित्र काढावे, मग ते कितीही वाईट येवो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला सोपे समाधान देता येणार नाही. आत आलेल्या पक्ष्यांपैकी कित्येक मरतात. तलावातले मासे त्यांना पकडता येत नाहीत, आणि सूटी टर्नची पिसे पाण्यात लवकर भिजतात, त्यामुळे त्याला पाण्यावर बसून विसावाही घेता येत नाही. आपण काठावरून पाहिल्याने त्यांचे हाल वाढत नाहीत, पण बोट किंवा कायाक घेऊन त्यांच्यामागे गेल्याने नक्की वाढतात, आणि ते मी चुकीचे मानतो. पेट्रेलांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात, त्यामुळे जमिनीवर पडलेला पेट्रेल धड चालू शकत नाही आणि सहसा उडूही शकत नाही. वादळानंतर दुकानांच्या दिव्यांखालच्या वाहनतळावर असा पक्षी सापडतो. त्याला हवेत भिरकावू नये. पक्ष्यांचा फ्लू पसरलेला असल्यामुळे हातमोजे घालून, टॉवेलात धरून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावे, चोचीत पाणी किंवा अन्न घालू नये आणि परवानाधारक वन्यजीव उपचारकाला लगेच फोन करावा. स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या १९१८ च्या कायद्यानुसार असा पक्षी जवळ बाळगता येत नाही, मेलेलासुद्धा. मृत पक्षी दिसला तर छायाचित्र काढून जागा नोंदवावी आणि रॉलीच्या नैसर्गिक विज्ञान संग्रहालयाला कळवून ते सांगतील तसे करावे. समुद्रावर ज्याला हात लावणे अशक्य, त्याचे माप, पिसांची अवस्था आणि वय अशा एखाद्या देहावरून अभ्यासकांना कळते.

नोंदी ठेवण्याबाबत माझा आग्रह असा की, पक्षी न दिसलेल्या वेळेचीही नोंद करावी. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिले, वारा कोणत्या दिशेने होता, केंद्र किती वाजता गेले, आणि काहीच दिसले नाही, हे ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) लिहिलेले असेल तरच पुढच्या माणसाला वादळाच्या कोणत्या बाजूला पक्षी आले आणि कोणत्या बाजूला नाहीत हे समजते. पक्षी दिसल्यावर जात, संख्या आणि वय यांबरोबर तो कोणत्या दिशेने निघून गेला आणि किती वाजता, हेही लिहावे. बहुतेक नोंदींत नेमके एवढेच राहून जाते.

इसाबेल वादळ १८ सप्टेंबर २००३ च्या दुपारी आऊटर बँक्सवर, म्हणजे या राज्याच्या किनाऱ्यासमोरच्या बेटांच्या माळेवर, आले आणि रात्रीतून व्हर्जिनियातून पुढे गेले. १९ च्या पहाटे मी कार लेकच्या दक्षिण काठावर होतो. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ झाले होते, पाण्यावर तुटलेल्या फांद्या आणि पानांचा एक लांब पट्टा काठाला समांतर पडला होता आणि त्या पट्ट्याच्या कडेने एक लीच्स पेट्रेल येत होता. तो माझ्यापासून वीस पावलांवर आला. पंख वर धरून, दोन्ही पाय पाण्यावर आलटून पालटून टेकवत, वाऱ्याला तोंड करून तो जागच्या जागी उभा असल्यासारखा राही, पानांच्या मधून काहीतरी टिपी, आणि वारा थोडा चढला की पुन्हा उसळून पुढे जाई. खांद्यावरची फिकट तिरपी पट्टी आणि शेपटीच्या मुळाशी मधोमध दुभागलेला पांढरा डाग दुर्बिणीशिवाय दिसत होता. मी चित्रे काढायला विसरलो नाही, पण पहिली पाच-सहा मिनिटे वही हातात असूनही काही लिहिले नाही.

त्याच सकाळी तीन सूटी टर्न होते, दोन प्रौढ आणि एक पिल्लू. ते धरणाच्या दिशेने आणि परत अशा फेऱ्या मारत होते. पिल्लू सतत मागे आणि थोडे खाली. साडेदहाच्या सुमारास ऊन कडक झाले. दोन्ही प्रौढ पक्षी गोल फिरत चढू लागले आणि पिल्लू त्यांच्यामागून. स्कोपमध्ये तीन ठिपके उरेपर्यंत मी त्यांना धरून ठेवले. १०.५२ ला ते आग्नेयेकडे, रोनोक नदी ज्या बाजूने समुद्राकडे उतरते त्या बाजूला, दिसेनासे झाले. वहीत त्या वेळेपुढे एवढेच लिहिले आहे: तीन, एकत्र, पिल्लू शेवटी.